पट्टाकरवतीचा सांधा

पारनेरच्या बलुतेदार सुताराची करवत पुढें जाई नि मागें येई. पट्टाकरवत मात्र दोन चाकांवरून एकाच दिशेनें धांवते. इंग्लंडांत विल्यम न्यूबेरी यांनीं १८०८ सालीं तिचें पेटंट घेतलें. परंतु पट्ट्याचा सांधा टिकेना. १८४६ सालीं फ्रान्समध्यें आन पोलिन क्रेपँ या बाईंनीं सांधण्याची नवी रीत शोधली. पुढें पॅरिसच्या पेरँ कारखान्यानें पोलादहि सुधारलें. आजहि यंत्र थरथरूं लागलें, काप खडबडीत उतरला, तर हा इतिहासच वाट दाखवितो. यंत्र बंद करून प्रथम सांधा पाहावा. ठराविक अंतरानें पडणारा ठोका बहुधा त्याचाच. नंतर चाकांचा तोल, पट्ट्याचा ताण आणि दात्यांची धार पाहावी. ठोक्याकडे कानाडोळा करणाऱ्याचा हात धोक्यांत असतो.