बंपरच्या मागची बाजू

तर मंडळी, झालं असं.

आमच्याकडे आजोबांनी घेतलेली १९८४ची प्रीमियर पद्मिनी आहे. ठाण्याच्या सोसायटीत, स्टिल्ट पार्किंगच्या कोपऱ्यात, कव्हर घालून. रविवारी सकाळी मी ती काढतो, तलावपाळीला एक चक्कर मारतो आणि परत आणून झाकतो. हापिसातले लोक याला 'छंद' म्हणतात, आई 'खर्च' म्हणते. असो.

या गाडीच्या पुढच्या बंपरला उजव्या बाजूला एक पोचा होता. बाबा गाडी शिकत होते तेव्हा त्यांनी ती वाड्याच्या फाटकाच्या खांबावर नेली होती. क्रोम जागोजागी काळवंडलं होतं. मागच्या वर्षी पगारवाढ झाली आणि माझ्या अंगात आलं. मुंबईतल्या एका दुकानातून नवाकोरा बंपर आणला, 'सेम टू सेम कंपनीसारखा'. आरशासारखा लखलखीत. पाडव्याला बसवला. जुना भंगारवाल्याला वजनावर देऊन टाकला. बाबांनी खाली येऊन बघितलं, पोचा असायचा त्या जागेवर हात फिरवला आणि विचारलं, "जुना कुठेय?" मी सांगितलं. "बरं," म्हणाले आणि वर गेले.

एक पावसाळा. फक्त एक. गणपतीत पहिले तपकिरी ठिपके दिसले, टाचणीच्या टोकाएवढे. दिवाळीपर्यंत खालच्या कडेला फोड आले. बंपर काढून उलटा केला तर मागे चांदीचा रंग मारलेला. स्क्रूड्रायव्हरने खरवडला तर पापुद्रे निघाले, आणि आतल्या पट्टीची जिथे दुमड होती तिथून हळदीसारखी पूड सांडली. गंज पुढून आलाच नव्हता. तो पहिल्या दिवसापासून मागे बसून होता.

आजोबांच्या बंपरने जवळपास चाळीस पावसाळे काढले आणि याने एक. का? हे शोधताना मी भलतीकडेच पोचलो. थेट कोरियन युद्धापर्यंत.

सुरुवात आधी करू. आपण 'क्रोमचा बंपर' म्हणतो त्यात क्रोम जवळपास नसतंच. बाहेर वापरायच्या चांगल्या पार्टवर क्रोमचा थर असतो अर्धा मायक्रॉन किंवा त्याहून कमी. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. म्हणजे केसाचे दीडशे काप केले तर त्यातला एक. त्याच्याखाली असतं निकेल, वीस-तीस-चाळीस मायक्रॉन, आणि बऱ्याचदा त्याच्याही खाली तांबं. खरं काम निकेल करतं. क्रोम वर बसून निकेल काळं पडू देत नाही आणि तो निळसर झळाळ देतं. प्रॉडक्शनमध्ये सगळं बॅकएंड चालवतं आणि डेमोत टाळ्या यूआयला पडतात, त्यातला प्रकार.

क्रोमियम हे मूलद्रव्य फ्रान्सच्या वोकलँने १७९७ साली शोधलं, पण त्याचा बाजारात चालेल असा मुलामा द्यायला सव्वाशे वर्षं लागली. तोवर गाड्यांवर पितळ होतं, मग निकेल आलं. दोन्ही सतत घासत बसायचं काम. १९२०च्या दशकात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कॉलिन फिंक यांनी यातली मेख ओळखली. क्रोमिक आम्लाच्या टाकीत सल्फेट अगदी थोडं लागतं, साधारण शंभराला एक, आणि ते प्रमाण सांभाळावं लागतं. ते सुटलं की मुलामा नीट बसतच नाही. १९२६ साली त्यांना पेटंट मिळालं आणि पुढच्या काही वर्षांत अमेरिकी गाड्यांचे रेडिएटर, दिवे, बंपर चमकायला लागले. न घासता चमकणारी गाडी! लोकांना वेड लागणारच.

आता गोम. आपली जस्ती बादली आठवा. तिला ओरखडा गेला तरी लोखंड लगेच गंजत नाही, कारण जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. निकेल उलटं आहे. ते लोखंडापेक्षा 'वरच्या जातीचं'. विद्युत-रसायनात जातिव्यवस्था आहे, काय करणार! निकेलला एक छिद्र पडलं आणि तिथे खारट पाणी शिरलं, की निकेल मजेत राहतं आणि सगळा मार त्या एवढ्याशा जागेतलं लोखंड खातं. वरून दिसतो टाचणीएवढा ठिपका, आत खड्डा रुंदावत असतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, म्हणून मग फोड येतात. म्हणजे भोकं पडलेला मुलामा हा मुलामा नसण्यापेक्षाही वाईट असू शकतो. हे मला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी केमिस्ट्रीत शिकवलं होतं. मी तेव्हा पास होण्यापुरतं वाचलं.

आणि आता कोरिया. १९५० साली युद्ध सुरू झालं आणि अमेरिकेत निकेलची चणचण झाली. जेट इंजिनांना, खास पोलादांना निकेल हवं, त्यामुळे सरकारने बाकीच्या वापरावर निर्बंध घातले. गाड्या बनवणं तर थांबणार नव्हतं. मग १९५२च्या आसपासच्या गाड्यांवर काय केलं? तांब्याचा थर, त्यावर थेट पातळसं क्रोम, आणि वरून पारदर्शक लॅकर. निकेलला सुट्टी. शोरूममध्ये कुणालाही फरक कळला नसता. पण लॅकर उडालं, क्रोममधल्या भेगांतून पाणी खाली गेलं आणि गाड्या लवकरच डागाळल्या. जुन्या गाड्यांच्या अमेरिकी मंडळींत त्या वर्षांचं क्रोम आजही बदनाम आहे.

मला या प्रकरणात मजा वाटते ती अशी, की एका अख्ख्या देशाने नकळत प्रयोग करून दाखवला: चमक तीच ठेवा, मधला थर काढा, बघा काय होतं.

निकेल परत आलं तेव्हा चमकेची भूक आणखी वाढली होती. १९५८च्या ब्यूकच्या नुसत्या जाळीवर १६० क्रोमचे चौकोन होते (हो, कुणीतरी मोजले आहेत). त्यात थंडीत अमेरिकेच्या रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ टाकायचं प्रमाण वाढत चाललेलं. म्हणजे लोखंडाला शत्रू हवाच होता, तो रस्त्यावर ओतला. मग कंपन्यांना नाइलाजाने अभ्यास करावा लागला आणि त्यातून दोन झकास गोष्टी निघाल्या. एक, दुहेरी निकेल. खाली गंधक नसलेलं अर्धचमकदार, वर गंधक असलेलं चमकदार. या दोघांत वरचं निकेल 'खालच्या जातीचं', म्हणून गंज वरच्या थरात आडवा पसरतो आणि लोखंडापर्यंत उभा उतरायला त्याला खूप वेळ लागतो. दुसरी तर आणखी भारी. क्रोमला भेगा पडतातच, मग १९६०च्या दशकात त्यांनी मुद्दामच असंख्य सूक्ष्म भेगा पाडायला सुरुवात केली. एकाच भेगेवर सगळा हल्ला होण्याऐवजी तो हजारो भेगांत वाटला जातो आणि कुठेच खोल जात नाही. लोड बॅलन्सिंग!

तपासणीही कडक झाली. आम्लयुक्त मिठाच्या पाण्यात थोडं तांब्याचं क्लोराइड घालून त्याच्या गरम फवाऱ्यात पार्ट ठेवायचे आणि काही तासांत वर्षांची झीज बघायची. मूळ कंपनीला पार्ट घेताना अशी परीक्षा घेता येत होती. त्याच गाडीचा पार्ट तीस-चाळीस वर्षांनी कुणी नव्याने बनवतो तेव्हा परीक्षक कोण? मी. आणि माझी परीक्षा म्हणजे दुकानातल्या ट्यूबलाइटखाली बंपर तिरका धरून त्यात स्वतःचं थोबाड बघणं.

पद्मिनीचंच घ्या. १९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० डिलाइट बनत होती, तिचीच पुढे प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी झाली. उत्पादन थांबूनही दोन दशकांवर काळ लोटला. काळ्या-पिवळ्या पद्मिनीही ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या, वयोमर्यादेमुळे. गिऱ्हाईक म्हणून उरलो आम्ही हौशी, तेही चमक बघून घेणारे. बनवणाऱ्याने मधला थर जाड का करावा?

मागच्या बाजूची गोष्ट वेगळी, आणि तीच सगळ्यात महत्त्वाची. वीज आळशी असते. टाकीत ती जवळच्या आणि पुढे आलेल्या भागांकडे धावते. खोबणीत, दुमडीत, नळीच्या आत जातच नाही. क्रोमच्या टाकीत हा दोष फार, निकेलच्या टाकीतही आहेच. मुलाम्याआधी लोखंड आम्लात धुतात. ते आम्ल दुमडीत अडकलं आणि नीट धुतलं गेलं नाही, तर गंज कारखान्यातूनच सोबत येतो. वरून चांदीचा रंग मारला की झालं. आपला कल्हईवाला शहाणा. तो भांडं आतून चमकवायचा, जिथे अन्न लागतं तिथे.

म्हणून आता कुणी विचारलं तर मी सांगतो, पार्ट आधी उलटा करा. मागे रंग असेल तर तो कशाला, हे विचारा. नळी किंवा दुमड असेल तर मोबाइलला लागणारा स्वस्त एंडोस्कोप आत घाला. ठिपके नुकतेच आले असतील तर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल पाण्यात भिजवून घासा, क्रोम तिच्यापेक्षा कितीतरी कठीण असल्याने ओरखडे पडत नाहीत. डाग जातो, खड्डा राहतो, तेव्हा हुरळून जाऊ नका. मागची बाजू मात्र खरवडून, फॉस्फरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर लावून, वर जस्ताचा प्रायमर आणि पोकळीत मेण. पाणी साचत असेल तर खाली एक भोक. फोड आले असतील तर यातलं काहीही करून उपयोग नाही, सगळा मुलामा उतरवूनच परत द्यावा लागतो.

आणि तो देणारे कमी होत चाललेत, त्यालाही कारण आहे. क्रोमिक आम्लातलं सहा-संयुजी क्रोमियम कॅन्सर करतं. टाकीवरची वाफ हुंगून कामगारांच्या नाकातल्या पडद्याला भोकं पडलेली आहेत. युरोपात २०१७ पासून ते विशेष परवानगीशिवाय वापरता येत नाही, आणि कॅलिफोर्नियाने २०२३ साली शोभेच्या मुलाम्यातून ते हद्दपार करायचं ठरवलं. माझ्या रविवारच्या चकरेसाठी कुणाचं तरी नाक जावं का, हा प्रश्न मला पडला. त्यापेक्षा खूप कमी धोक्याच्या त्रि-संयुजी क्रोमची छटा किंचित वेगळी, पिवळसर-करडी दिसते म्हणतात. मला चालली असती. माझ्या ओळखीत तसं करणारा कुणी सापडला नाही.

जुना बंपर काही मिळाला नाही. भंगारवाला म्हणाला, "दादा, तो केव्हाच वितळला." शेवटी कल्याणकडच्या एका गॅरेजवाल्याने मोडीत काढलेल्या गाडीचा मूळ बंपर दिला. काळा पडलेला, खड्ड्याखड्ड्यांचा, पण हाताला जड आणि वाजवला की घंटेसारखा आवाज. तो घेऊन भिवंडीकडच्या एका गाळ्यात गेलो. यावेळी बाबाही आले. टाकीवर पंखा होता, पोरांच्या तोंडाला मास्क होते, ते आधी बघितलं. मालक वयस्कर. त्यांनी बंपरवर नख फिरवलं आणि म्हणाले, तांब्याने खड्डे भरू, बफ मारू, निकेल जाड देऊ.

"मागून पण द्या," मी म्हटलं.

"मागून कशाला साहेब? कोण वाकून बघतंय?"

"मी बघतो."

त्यांनी आठशे रुपये जास्त लावले. बाबांनी ते खिशातून काढून दिले. तीन आठवड्यांनी बोलावलंय.