शरीररचना आणि शरीरक्रिया : मूळ संकल्पना व संज्ञा

शरीराचा कुठला भाग कुठे आहे, कशाचा बनलेला आहे आणि त्याच्या शेजारी काय आहे, हे सांगणारे शास्त्र म्हणजे शरीररचनाशास्त्र. त्याचे जुने नाव शारीर. तो भाग काम कसे करतो, हे सांगणारे ते शरीरक्रियाशास्त्र. अभ्यासक्रमात या दोन विषयांची पुस्तके वेगळी असली, तरी शरीरात ते दोन्ही एकमेकांपासून सुटे करता येत नाहीत. रचनेत तिळाएवढा फरक पडला तरी क्रिया बदलते. गोंदिया जिल्ह्यात याचे उदाहरण गावोगावी भेटते : सिकलसेल, हा तांबड्या रक्तपेशींचा आजार. या नोंदीतील बहुतेक उदाहरणे त्यामुळेच त्या जिल्ह्यातली घेतली आहेत.

दुसरे कारण भाषेचे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा महाराष्ट्राच्या ईशान्य टोकाला आहे. उत्तरेला मध्य प्रदेशातील बालाघाट, पूर्वेला छत्तीसगड. घरात झाडीबोली, पोवारी, गोंडी, हलबी. बाजारात मराठीच्या जोडीला हिंदी. २०१६ मध्ये गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तिथला विद्यार्थी पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन इंग्रजीतून शिकतो, आणि खाटेवरचा रुग्ण आपले दुखणे या साऱ्या बोलींतून सांगतो.

संज्ञांचा पेच : मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांनी वैद्यकाचे शब्द संस्कृतातून घेतले, पण शब्द तोच ठेवून अर्थ वेगळा केला. मराठी शाळेत पेशी म्हणजे शरीराचा सर्वांत लहान जिवंत घटक. हिंदी पुस्तकात त्याला कोशिका म्हणतात आणि पेशी म्हणजे आपला स्नायू. आपण ज्याला स्नायू म्हणतो तो शब्द हिंदीत हाडाला हाड बांधणाऱ्या बंधासाठी, म्हणजे आपल्या अस्थिबंधासाठी आहे. मध्य प्रदेशाने २०२२ मध्ये वैद्यकाच्या पहिल्या वर्षाची पुस्तके हिंदीत आणली, तेव्हापासून जिल्ह्याच्या सीमेवर हा पेच अधिकच खरा झाला आहे. बालाघाटकडचा हिंदी माध्यमात शिकलेला मुलगा आणि गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावचा मराठी माध्यमातला मुलगा ‘पेशी दुखावली’ हे एकच वाक्य वाचून दोन वेगळ्या गोष्टी समजतील.

मराठीच्या घरातही सारे आलबेल नाही. मज्जासंस्था म्हणजे मेंदू, मेरुरज्जू आणि त्यांच्यापासून निघणारे मज्जातंतू. पण अस्थिमज्जा म्हणजे हाडाच्या पोकळीतला, रक्त तयार करणारा मऊ गर. या दोन मज्जांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पाठ्यपुस्तकांनी चेतासंस्था हा शब्द घेतला तो त्यामुळे स्वागतार्ह आहे, आणि तोच सगळीकडे चालावा असे या लेखकाला वाटते. रक्तवाहिन्यांचेही तसेच : हृदयापासून रक्त बाहेर नेणारी ती धमनी, जुन्या ग्रंथांत रोहिणी, हृदयाकडे परत आणणारी ती शिरा, जुनी नीला. बोलण्यात मात्र दोन्हींना सर्रास नस म्हणतात, आणि मज्जातंतूलाही नसच.

काळीज हा शब्द तर पाहण्यासारखा आहे. काळजाचा ठोका चुकतो तेव्हा आपण हृदयाविषयी बोलत असतो. मटणाच्या दुकानात कलेजी मागतो तेव्हा हातात यकृत पडते. मूळ अर्थ दुकानदाराकडे शाबूत राहिला आहे. पोट या शब्दात जठर, आतडी आणि गर्भाशय ही तिन्ही सामावतात, म्हणून ‘पोटात दुखते’ एवढ्यावर कुठलाही जाणता डॉक्टर थांबत नाही. बोट ठेवून दाखवायला सांगतो.

स्थान व दिशा : बोट नेमके कुठे पडले हे लिहून ठेवायचे तर सर्वांना एकच आधार लागतो. त्यासाठी शरीर सरळ उभे, नजर समोर, हात बाजूला आणि तळहात पुढे, अशी एक स्थिती ठरवली आहे. माणूस निजलेला असो वा वाकलेला, वर्णन याच स्थितीवरून करायचे. डावे-उजवे रुग्णाचे, पाहणाऱ्याचे नव्हे. पोटाकडची बाजू अग्र, पाठीकडची पश्च. शरीराच्या मधल्या रेषेकडे असलेले अभिमध्य, तिच्यापासून दूरचे पार्श्व. हातापायांना आणखी दोन शब्द लागतात : धडाजवळचे ते समीपस्थ, धडापासून लांबचे ते दूरस्थ. कोपर मनगटाच्या मानाने समीपस्थ, बोटे दूरस्थ.

मोजणीचे नियमही आधी ठरवावे लागतात. चरकसंहितेत हाडे ३६० आहेत, सुश्रुताच्या शल्यमतात ३००, आजच्या पुस्तकात प्रौढ माणसाची २०६. चरकाने दात आणि नखेही धरली, सुश्रुताने कूर्चा धरली. हाड कशाला म्हणायचे यावर आकडा बदलतो. प्रेत पेटीत ठेवून वाहत्या पाण्यात सात रात्री कुजवायचे आणि मग वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंच्याने एकेक थर घासून पाहायचा, ही सुश्रुताने सांगितलेली रीत वाचली की त्या काळच्या निरीक्षणाविषयी आदर वाटतो.

रचनेच्या पायऱ्या : एकसारख्या पेशी मिळून ऊती, निरनिराळ्या ऊती मिळून इंद्रिय, एकाच कामाला जुंपलेली इंद्रिये मिळून संस्था, जसे पचनसंस्था, श्वसनसंस्था, उत्सर्जनसंस्था. ग्रंथींतून रक्तात सुटून दूरच्या इंद्रियाला निरोप पोचवणारी द्रव्ये ती संप्रेरके. शरीरातील रासायनिक क्रियांना वेग देणारी ती विकरे.

समस्थिती : शरीरक्रियाशास्त्राची एकच संकल्पना शिकवायची असेल तर ही शिकवावी. बाहेर काहीही होवो, आतले तापमान, पाणी, क्षार, साखर ठरावीक मर्यादेत राखणे म्हणजे समस्थिती. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला पहाटे जंगलात गेलेली बाई ऊन चढेपर्यंत तिथेच असते. बाहेर पारा चाळिशीपार गेला तरी तिच्या आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास राहते, कारण कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि घाम सुटतो. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पाणी कमी पडू लागले की मेंदूतून संप्रेरक सुटते, आणि मूत्रपिंडे लघवी घट्ट करून पाणी वाचवतात. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळून जेमतेम दीड लिटर लघवी बाहेर सोडणारे हे इंद्रिय आहे. हीच बाई श्रावणात धानाच्या बांधीतल्या गुडघाभर पाण्यात वाकून परे, म्हणजे रोपे, रोवते, तेव्हा काम उलटे होते : पायांच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली ऊब राखली जाते.

निरोगी माणसाला या दोन्ही गोष्टी जाणवतही नाहीत. सिकलसेल असलेल्याला त्या महागात पडतात.

लाल पेशी व सिकलसेल : तांबडी रक्तपेशी ही दोन्ही बाजूंनी दबलेली चकती असते, व्यास सात-आठ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजारव्या भागाच्या सात-आठ पट. तिच्यात केंद्रक नसते, त्यामुळे ती लवचीक असते आणि आपल्याहून अरुंद केशवाहिनीतूनही दुमडून निघून जाते. अस्थिमज्जेतून बाहेर पडल्यावर ती सुमारे १२० दिवस जगते. तिच्यातले हिमोग्लोबिन फुप्फुसात प्राणवायू उचलते आणि ऊतींत सोडते.

या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसले, एवढाच सिकलसेलमधला फरक. प्राणवायू सुटला की असे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या होतात आणि चकतीचा विळा होतो. विळा ताठ असतो. केशवाहिनीत अडकतो, मागचे रक्त थांबते, पुढच्या ऊतीला प्राणवायू मिळत नाही आणि हाडांत असह्य कळा येतात. शिवाय अशी पेशी दहा-वीस दिवसांतच फुटते, म्हणून रक्त कमी आणि डोळे पिवळसर. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये अशा पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे हे १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी दाखवले. परिभाषेत विळ्याच्या आकाराच्या या पेशीला दात्रकोशिका म्हटले आहे, पण पूर्व विदर्भात कोणीही हा शब्द वापरत नाही. तिथे सारे ‘सिकलसेल’च म्हणतात, वाहकाला, म्हणजे आई-वडिलांपैकी एकाकडूनच हा दोष आलेल्याला, ‘एएस’, रुग्णाला ‘एसएस’. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक बाळंतपणात मूल ‘एसएस’ होण्याची शक्यता चारात एक असते.

वाहक असणे हा आजार नव्हे. मलेरियाच्या मुलखात वाहकाला मलेरियाच्या गंभीर रूपापासून बरेच संरक्षण मिळते. मलेरियाचा प्रादुर्भाव असलेल्या प्रदेशांत हा गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकला तो त्यामुळे. रुग्णाची गोष्ट वेगळी. पेशीतले पाणी घटले की हिमोग्लोबिन दाटते आणि विळे लवकर बनतात. त्यात मूत्रपिंडाच्या आतल्या भागातच विळे अडकून त्याची लघवी घट्ट करण्याची शक्ती गेलेली असते, म्हणजे ज्याला पाणी वाचवायची सर्वांत जास्त गरज त्यालाच ते साधत नाही. डॉक्टर ‘पाणी पीत राहा’ म्हणतात त्याच्या मागे एवढी शरीरक्रिया आहे. रोवणीच्या गार पाण्यात रक्तवाहिन्या आकसूनही अशीच कळ उठू शकते. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने गर्भातले हिमोग्लोबिन पुन्हा वाढते आणि दोऱ्या बनण्यात अडथळा येतो. तान्ह्या बाळाला पहिले काही महिने त्रास होत नाही तोही याच गर्भातल्या हिमोग्लोबिनमुळे. ते ओसरू लागते तसे हातापायांचे पंजे सुजतात, आणि बहुधा तीच पहिली खूण असते. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरली, आणि निर्मूलनाची मुदत २०४७ पर्यंतची आहे.

पानथरी : शास्त्रीय नाव प्लीहा, हिंदीच्या शेजारामुळे तिल्लीही. पोटाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात, नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड, सुमारे १५० ग्रॅम वजनाची. जुन्या लाल पेशी मोडणे आणि रक्तातले जंतू गाळणे हे तिचे काम. एरवी ती हाताला लागत नाही. सिकलसेलच्या लहान मुलात कधी कधी विळे अचानक तिच्यात साठतात, काही तासांत ती फुगते आणि बाकीच्या शरीराला रक्त पुरत नाही. म्हणून आईला ती चाचपायला शिकवतात. बाळ उताणे निजवायचे, गुडघे थोडे दुमडायचे, उजव्या हाताची बोटे त्याच्या बेंबीपाशी ठेवून हळूहळू डाव्या बरगडीकडे सरकवायची. बरगडीच्या कडेखाली टणक धार लागली, ती कालच्यापेक्षा खाली आली असेल आणि बाळ पांढरे पडून मलूल झाले असेल, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा, आणि तिथे पहिले वाक्य ‘पोट दुखते’ असे न सांगता ‘पानथरी वाढली’ असे सांगायचे.