क्विल्ट ब्लॉकची उशी

क्विल्ट ब्लॉकची उशी म्हणजे कापडाचे लहान तुकडे हाताने जोडून तयार केलेला एकच नक्षीदार चौकोन दर्शनी बाजूस ठेवून शिवलेली शोभेची उशी होय. तुकडे जोडून केलेल्या अशा चौकोनास 'ब्लॉक' म्हणतात. ब्रिटन व विशेषतः अमेरिकेच्या परंपरेत अनेक ब्लॉक एकमेकांना जोडून 'क्विल्ट' हे पांघरूण तयार होते. पांघरुणात न वापरले गेलेले सुटे ब्लॉक इंग्रजीत 'ऑर्फन ब्लॉक', म्हणजे अनाथ ब्लॉक, या नावाने ओळखले जातात. उशी हा त्यांचा सर्वांत प्रचलित उपयोग आहे. काम थोडके असल्याने नवशिक्यांना ती सुचवली जाते. मात्र हाताने जोडलेल्या ब्लॉकवर उशीमध्ये पांघरुणापेक्षा अधिक ताण पडतो, ही बाब अनेकदा दुर्लक्षिली जाते.

सुटे ब्लॉक

ब्लॉक सुटे राहण्याची कारणे अनेक आहेत. शिवणाऱ्या व्यक्तीचा मृत्यू, कापड संपणे किंवा नक्षीचा कंटाळा येणे ही त्यांपैकी नेहमीची. काही ब्लॉक मुळातच पांघरुणासाठी नसत. छापील नमुने दुर्मीळ असताना एखादी नक्षी लक्षात राहावी म्हणून तिचा एक ब्लॉक शिवून ठेवला जाई. पुढे वृत्तपत्रांनी ही उणीव भरून काढली. 'कॅन्सस सिटी स्टार' या अमेरिकी दैनिकाने १९२८ ते १९६१ या काळात ब्लॉकच्या नक्ष्या नियमितपणे छापल्या. आज जुन्या ब्लॉकच्या नक्षीचे नाव शोधण्यासाठी बार्बरा ब्रॅकमन यांचा १९९३ साली प्रसिद्ध झालेला तुकडेजोड नक्ष्यांचा कोश प्रमाण मानला जातो. एकाच नक्षीला प्रांतागणिक निरनिराळी नावे असल्याने केवळ नावावरून ब्लॉकचे मूळ ठरवता येत नाही.

जोडकामाच्या पद्धती

हाताने जोडकाम करण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिलीत तुकड्याच्या उलट बाजूस पेन्सिलीने शिलाईची रेषा आखून त्या रेषेवर बारीक धावदोरा घालतात. कडेला पाव इंच मार्जिन सोडलेली असते आणि शिलाई रेषेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच जाते, मार्जिनमध्ये जात नाही. यामुळे अनेक तुकडे एकत्र येतात तेथे मार्जिन हवी त्या दिशेला वळवता येते व सांधा सपाट बसतो.

दुसरी पद्धत कागदी साच्यांची आहे. प्रत्येक तुकडा कागदाच्या साच्यावर दुमडून कच्च्या टाक्यांनी बसवतात आणि दुमडलेल्या कडा एकमेकींना लावून अगदी जवळजवळ तिरके टाके घालतात. सर्व बाजू जोडल्या गेल्यावर कागद काढून घेतात. १७१८ हे वर्ष शिवलेले रेशमी पांघरूण हे ब्रिटनमधील सर्वांत जुने ज्ञात दिनांकित पॅचवर्क मानले जाते व ते याच पद्धतीचे आहे. षट्कोनांच्या फुलांची नक्षी या पद्धतीची ओळख ठरली असून अमेरिकेत १९२० व १९३० च्या दशकांत ती 'आजीची फुलबाग' अशा अर्थाच्या नावाने लोकप्रिय झाली. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरच्या चांगी तुरुंगात स्थानबद्ध असलेल्या गर्ल गाइड मुलींनी हाती लागेल त्या चिंध्यांतून अशाच षट्कोनी फुलांचे पांघरूण शिवले. ते लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहे.

षट्कोनी फुलाची कड नागमोडी असल्याने ते थेट उशीला जोडता येत नाही. साध्या कापडाच्या चौकोनावर ठेवून टाचावे लागते. एक इंच बाजूच्या १९ षट्कोनांचे फूल एका दिशेने ८ इंच व दुसऱ्या दिशेने सुमारे ८.७ इंच भरते. १६ इंचांच्या उशीवर ते चांगले शोभते.

उशीची बांधणी

पांघरुणाचे वजन मोठ्या क्षेत्रावर विभागले जाते. उशीत मात्र भरण आतून सतत बाहेर रेटत असते आणि तो रेटा थेट सांध्यांवर येतो. धावदोऱ्याची शिलाई अशा ताणाखाली फाकते व टाक्यांमधून भरण दिसू लागते. म्हणून ब्लॉकच्या मागे अस्तर देणे हा या कामातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा होय. धुऊन आटवलेले मांजरपाट अस्तरासाठी योग्य असते. ब्लॉक व मांजरपाट यांच्यामध्ये कापसाचा पातळ थर ठेवून तिन्ही थरांतून धावदोरा घातल्यास नक्षीला उठाव येतो आणि ताण सांध्यांऐवजी अस्तर पेलते.

पहिल्या पद्धतीच्या ब्लॉकमध्ये आणखी एक कच्चा दुवा असतो. शिलाई मार्जिनमध्ये जात नसल्याने ब्लॉकच्या बाहेरील कडेला पोहोचणारा प्रत्येक सांधा शेवटच्या पाव इंचात उघडाच राहतो. कडेपासून अष्टमांश इंचावर चारही बाजूंनी एक टीप मारून घेतल्यास हे सांधे उसवत नाहीत. ब्लॉक वाकडा असेल तर तो कापून चौकोनी करण्याचा मोह होतो. पण त्यात कडेवरील त्रिकोणांची टोके कापली जातात आणि नक्षी बिघडते. त्याऐवजी ओलसर करून, टाचण्यांनी चौकोनी ताणून वाळवणे श्रेयस्कर.

ब्लॉक उशीपेक्षा लहान असल्यास कडेने पट्ट्या जोडतात. शिलाईसह १२.५ इंचांच्या ब्लॉकला चहूबाजूंनी २.५ इंच रुंदीच्या पट्ट्या लावल्या की १६.५ इंचांचा चौकोन होतो व तयार अभ्रा १६ इंचांचा भरतो. मागची बाजू बहुधा एकमेकांवर येणाऱ्या दोन पल्ल्यांची करतात, म्हणजे चेन किंवा बटणे लागत नाहीत. या मापासाठी १६.५ × ११.२५ इंचांचे दोन तुकडे घेऊन प्रत्येकाची एक लांब कड अर्धा अर्धा इंच दोनदा दुमडून शिवली असता पल्ले एकमेकांवर ४ इंच येतात. पल्ले व दर्शनी भाग सुलट बाजू आत ठेवून जोडतात आणि अभ्रा उलटवून घेतात. कडेला गोट हवा असल्यास दोरी घातलेली उरेब पट्टी लावतात. सरळ पट्टी कोपऱ्यावर वळत नाही.

भरलेल्या उशीच्या बाजू आत खेचल्या जातात व कोपरे कानांसारखे बाहेर येतात. तसे होऊ नये म्हणून कोपऱ्याजवळ शिलाई सुमारे अर्धा इंच आत घेऊन कोपरा किंचित निमुळता करतात. आतली उशी अभ्र्यापेक्षा एक-दोन इंच मोठी घेण्याची रीत आहे. हाताने जोडलेल्या ब्लॉकसाठी मात्र अभ्र्याच्या मापाची व मऊ भरणाची उशीच अधिक सुरक्षित ठरते.

जुन्या ब्लॉकांविषयीचा वाद

न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये १९७१ साली भरलेल्या प्रदर्शनात अमेरिकी क्विल्ट चित्रकृतींप्रमाणे भिंतीवर टांगून दाखवण्यात आले. त्यानंतर जुन्या क्विल्टांची मागणी वाढली आणि फाटलेली क्विल्ट कापून त्यांच्या उशा, अस्वले व जाकिटे शिवण्याचा व्यवसायही फोफावला. जुने कापड पेटीत कुजण्यापेक्षा वापरात राहिलेले बरे, असे या कामाचे समर्थक म्हणतात. वस्त्रसंवर्धकांचा आक्षेप असा की, उशी होताच ब्लॉकवर प्रकाश, घर्षण व घाम यांचा मारा सुरू होतो आणि काही वर्षांत तो नष्ट होतो.

हा आक्षेप सर्व ब्लॉकांना सारखा लागू पडत नाही. १९३० च्या दशकातील छापील सुती ब्लॉक अनेकदा भक्कम असतो. याउलट एकोणिसाव्या शतकातील काळ्या व गडद तपकिरी रंगांत लोहक्षार वापरले जात. ते धाग्याला कुजवतात, त्यामुळे शेजारचे तुकडे शाबूत असूनही नेमके हेच झडतात. व्हिक्टोरियन काळातील रेशमाचे वजन वाढवण्यासाठी त्यावर धातूंच्या क्षारांची प्रक्रिया करीत. असे रेशीम उभे चिरत जाते आणि अस्तर देऊनही वाचत नाही.

कागद आत राहिलेले ब्लॉक विशेष महत्त्वाचे असतात. साच्यांसाठी जुनी पत्रे, हिशेबाचे कागद, वर्तमानपत्रे व वह्यांची पाने कापली जात. त्यांवरील मजकुरावरून कामाचा काळ आणि कधीकधी घरही ओळखता येते. उशी शिवण्यासाठी कागद काढून टाकले की हा पुरावा कायमचा जातो. १८४० च्या दशकात अमेरिकेत प्रचलित झालेल्या, सह्या असलेल्या मैत्री-ब्लॉकांबाबतही हीच अडचण आहे. धुण्यात व घासण्यात शाईची नावे पुसट होतात. अशा वेळी जुन्या ब्लॉकची मापे घेऊन नव्या कापडात तशीच नक्षी शिवणे हा मार्ग उरतो.

महाराष्ट्रातील गोधडीशी तुलना

महाराष्ट्रातील गोधडी किंवा वाकळ ब्लॉक जोडून होत नाही. जुनी लुगडी व धोतरे एकावर एक पसरून त्यांवर धावदोऱ्याच्या रांगा घालतात. तुकडे लावले तरी ते खालच्या थरांना टाचले जातात. उत्तर कन्नड भागातील सिद्दी समाजाच्या 'कवंदी' या पांघरुणात शिवण कडेकडून मध्याकडे सरकते आणि तुकडे त्याच ओघात बसवले जातात. त्यामुळे या परंपरांत अर्धवट राहते ती अख्खी गोधडी; सुटा ब्लॉक उरत नाही. जीर्ण गोधडीचा धड उरलेला भाग कापून त्याचा अभ्रा केल्यास वेगळे अस्तर लागत नाही, कारण मागचे थर मुळातच एकत्र शिवलेले असतात. मात्र कापलेल्या कडेवरील धावदोरे लगेच उसवू लागत असल्याने आधी टीप मारून मगच कात्री चालवावी लागते. खणाच्या तुकड्यांचे अभ्रेही अलीकडे शिवले जातात. खणाच्या कापलेल्या कडांचे धागे लवकर सुटतात, म्हणून त्यांना पाव इंचाऐवजी अर्धा इंच मार्जिन ठेवणे सोयीचे असते.