संस्था चालवण्याचंही शिक्षण असतं: ट्रस्ट आणि एनजीओ व्यवस्थापनाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम

मस्जिद-मदरशाची कमिटी, शाळा चालवणारी सोसायटी, बैतुलमाल, रमजानमध्ये रेशन वाटणारा ट्रस्ट. आपल्या जवळपास प्रत्येक मोहल्ल्यात अशी एखादी संस्था असते. ती चालवणारे बहुतेक जण धंदा-नोकरी सांभाळून, खिदमत म्हणून काम करतात. निय्यत साफ असते, पैसाही जमतो. गाडी अडते ती कागदावर. जुने विश्वस्त अल्लाहला प्यारे होतात, पण नवीन नावं नोंदवली जात नाहीत. मग बँकेत सही कोणाची चालणार यावरून वाद होतो आणि चाललेलं काम थांबतं.

कायदा काय मागतो?

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० नुसार विश्वस्त बदलले की ९० दिवसांच्या आत बदल अर्ज (चेंज रिपोर्ट) धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. दरवर्षी हिशेबाचं ऑडिट करावं लागतं. वक्फ मिळकत असेल तर मुतवल्लींना वक्फ बोर्डाकडे हिशेब द्यावा लागतो.

आयकरातून सूट हवी असेल तर साधारणपणे उत्पन्नाचा ८५ टक्के भाग संस्थेच्या उद्देशांवर खर्च झाला पाहिजे. ही सवलत देणारी नोंदणीही आता कायमची राहिलेली नाही, ठराविक मुदतीनंतर तिचं नूतनीकरण करावं लागतं. मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के सीएसआरवर खर्च करावे लागतात. त्यातून निधी हवा असेल तर संस्थेची १ एप्रिल २०२१ पासून सुरू झालेली सीएसआर-१ नोंदणी लागते. परदेशी देणगीसाठी एफसीआरए हवं, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर त्या पैशातून प्रशासकीय खर्च २० टक्क्यांपेक्षा जास्त करता येत नाही.

हे सगळं फावल्या वेळेत, इशाच्या नमाजनंतरच्या मीटिंगमध्ये सांभाळणं कठीण आहे. त्यासाठी शिकलेला, पगारी माणूस लागतो.

कुठे शिकता येतं?

• टाटा सामाजिक विज्ञान संस्था (टिस), मुंबई: १९३६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेची सुरुवात आपल्या नागपाड्यातल्या नेबरहूड हाऊसमधून झाली, हे फार थोड्यांना माहीत आहे. आज ती देवनारला आहे. समाजकार्य आणि सामाजिक उद्योजकता या विषयांत इथे एम.ए. करता येतं. प्रवेशासाठी आता सीयूईटी-पीजी परीक्षा द्यावी लागते.

• निर्मला निकेतन, मुंबई (१९५५) आणि कर्वे समाज सेवा संस्था, पुणे (१९६३): समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी, म्हणजे एमएसडब्ल्यू.

• इर्मा, आणंद: डॉ. वर्गीस कुरियन यांनी १९७९ मध्ये उभारलेली संस्था, २०२५ पासून त्रिभुवन सहकारी विद्यापीठाचा भाग. इथे सहकारी आणि ग्रामीण संस्थांसाठी एमबीएच्या तोडीचं शिक्षण मिळतं.

• अझीम प्रेमजी विद्यापीठ, बेंगळुरू: एम.ए. डेव्हलपमेंट. घरची परिस्थिती बघून आर्थिक मदत दिली जाते.

• जामिया मिल्लिया इस्लामिया, दिल्ली: समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण.

• इग्नू: नोकरी करणाऱ्यांसाठी आणि घरची जबाबदारी असलेल्या महिलांसाठी दूरशिक्षणातून एमएसडब्ल्यू.

बहुतेक अभ्यासक्रम दोन वर्षांचे आहेत आणि बहुतेक ठिकाणी कोणत्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो. फी, तारखा आणि आरक्षण दरवर्षी बदलतात, म्हणून अर्ज करण्याआधी संस्थेची वेबसाइट जरूर बघावी.

शिकवतात काय?

गरज कशी मोजायची, प्रकल्पाचा प्रस्ताव आणि बजेट कसं तयार करायचं, देणगीचा हिशेब कसा ठेवायचा, कर्मचारी आणि स्वयंसेवक कसे सांभाळायचे, कामाचा खरोखर फायदा झाला का हे कसं तपासायचं. प्रत्येक संस्थेचा भर वेगळा असतो. एमएसडब्ल्यूमध्ये माणसांसोबतच्या कामावर जास्त भर असतो, तर इर्मामध्ये व्यवस्थापन आणि हिशेबावर. फील्डवर्क मात्र सगळीकडे महत्त्वाचं मानतात. ज्याला ट्रस्टचं ऑफिस सांभाळायचं आहे, त्याने अभ्यासक्रम निवडताना हा फरक लक्षात घ्यावा.

पगार घेणं गैर आहे का?

"अल्लाहच्या कामाचा पगार कसला?" हा प्रश्न घरोघरी येतो. सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत. त्यात जकात गोळा करण्याचं आणि तिची व्यवस्था पाहण्याचं काम करणारे, म्हणजे आमिलीनही आहेत. याचा अर्थ व्यवस्थापन हे मेहनतीचं काम आहे, ही गोष्ट दीनमध्ये मान्य आहे. मात्र आजच्या ट्रस्टचे कर्मचारी आमिलीनमध्ये मोडतात का, यावर उलमांमध्ये मतभेद आहेत. म्हणून जकातीतून पगार देण्याआधी मुफ्ती साहेबांना विचारावं. सदका, इमदाद किंवा खास या कामासाठी दिलेल्या देणगीतून पगार देण्याचा मार्ग आहेच. व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल सांगायचं तर, कुरआनची सर्वात लांब आयत (सूरह बकरा, २८२) उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दलच आहे.

पालक आणि कमिट्यांसाठी

मुलगा-मुलगी बी.ए., बी.कॉम. झाल्यावर "आता पुढे काय?" असा प्रश्न असेल, तर बी.एड. आणि स्पर्धा परीक्षांसोबत हाही रस्ता बघा. नोकरी फक्त आपल्याच ट्रस्टमध्ये मिळते असं नाही. कंपन्यांचे सीएसआर विभाग, हॉस्पिटल, सरकारी योजना आणि मोठ्या एनजीओ इथेही अशी माणसं लागतात. सुरुवातीचा पगार कॉर्पोरेटपेक्षा बहुधा कमी असतो, हे मात्र आधीच समजून घ्यावं.

कमिट्यांनी दोन गोष्टी कराव्यात. शिष्यवृत्ती देताना डॉक्टर-इंजिनिअरसोबत दरवर्षी एखादी जागा या शिक्षणासाठी ठेवावी. आणि शिकून परत आलेल्या त्या मुला-मुलीला नुसतं मीटिंगमध्ये बसवू नये, हिशेबाची वही हातात द्यावी. लोकांनी दिलेला पैसा अमानत आहे. ती सांभाळायला इमानदारी लागते, तशी माहितीही लागते.