पंचवीस रुपयांचा दंड

मराठी वाङ्मयाच्या इतिहासाची पंगत मोठी आहे. पण रहस्यकथा आणि प्रणयकादंबऱ्या लिहिणाऱ्यांसाठी त्या पंगतीत पाट क्वचितच मांडला गेला. वास्तविक वाचनालयांतील ज्या पुस्तकांचे पुठ्ठे हाताळून हाताळून झिजले, ती बहुतेक यांचीच!

ही परंपरा आजकालची नव्हे. १९०५ साली सिंहगडाच्या कड्यावरून कोसळून कायमचे अपंग झालेले द्वारकानाथ पितळे अंथरुणावर पडल्या पडल्या ‘नाथमाधव’ झाले आणि त्यांच्या ‘वीरधवला’ने दोन पिढ्यांची झोप उडविली. बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांनी तर हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, धनंजय, काळापहाड ही नावे घरोघरी शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखी ओळखीची झाली.

हे वाङ्मय पोहोचत होते तरी कुठवर? औरंगाबादेहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराहून, जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर शेंद्रा नावाचे गाव आहे. आज ते कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. परंतु सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता आणि कारभाराची भाषा उर्दू होती. अशा मुलुखात नव्याने मराठी वाचू लागलेल्या माणसाच्या हाती पहिल्याने जाड ग्रंथ पडेल की स्टँडवरच्या दुकानातले पातळसे, रंगीत वेष्टनाचे पुस्तक पडेल, हे का सांगावयास हवे? वाचनाची गोडी अशीच लागते.

पण लोकप्रियतेला किंमतही मोजावी लागते. चंद्रकांत काकोडकर हे प्रणयकथांचे लोकप्रिय लेखक. त्यांची ‘श्यामा’ ही कथा १९६२ च्या दिवाळीत ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकात प्रसिद्ध झाली. साहित्याच्या शुचितेची काळजी वाहणाऱ्या एका गृहस्थांनी लेखकावर, मुद्रक-प्रकाशकावर आणि विक्रेत्यावर अश्लीलतेची फिर्याद ठोकली. खालच्या न्यायालयाने आरोपींना सोडले. पण मुंबई उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी ठरवून पंचवीस रुपये दंड केला, आणि अंकाच्या प्रती नष्ट कराव्यात असा हुकूम दिला.

पंचवीस रुपये! तेवढे भरून मोकळे होणे सोपे होते. पण दंड भरायचा म्हणजे आपण अश्लील लिहिले हे मान्य करावयाचे. काकोडकर सर्वोच्च न्यायालयात गेले. काळ अनुकूल नव्हता. १९६४ मध्येच त्या न्यायालयाने ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ विकणाऱ्या मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याची शिक्षा कायम केली होती. जेथे लॉरेन्ससारख्या मान्यवर कादंबरीकाराचे पुस्तक टिकले नाही, तेथे दिवाळी अंकातल्या प्रणयकथेची काय कथा?

तरी निकाल उलटा लागला. कथेचा नायक निशिकांत हा कवी, आणि त्याच्या आयुष्यात येणाऱ्या तीन तरुणी. न्यायमूर्तींनी ती कथा नुसते ठळक उतारे काढून नव्हे, तर आरंभापासून शेवटपर्यंत तपासली. २५ ऑगस्ट १९६९ रोजी काकोडकर निर्दोष सुटले. स्त्रीपुरुषसंबंधाचा उल्लेख म्हणजेच अश्लीलता असे धरले तर तरुणांना निव्वळ धार्मिक ग्रंथांखेरीज काही वाचताच येणार नाही, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय होता.

योगायोग पाहा. त्याच वर्षी त्यांच्या ‘नीलांबरी’वरून राज खोसला यांचा ‘दो रास्ते’ हा चित्रपट आला आणि देशभर गाजला. एकत्र कुटुंबाची ती कहाणी आईवडील मुलाबाळांना बरोबर घेऊन पाहत होते. आणि तिचा कर्ता, नुकताच अश्लीलतेच्या आरोपातून सुटलेला!

या लेखकांचे सारेच लेखन उत्तम होते, असे कोणी म्हणणार नाही. महिन्याकाठी पुस्तक द्यायचे म्हणजे काही ठोकळेबाज होणारच. पण बरे-वाईट ठरविण्याचा अधिकार वाचकाचा आहे, फौजदाराचा नव्हे. फराळाच्या ताटाशेजारी दिवाळी अंक उघडताना एवढी आठवण ठेवली, तरी त्या विसरल्या गेलेल्या लेखणीबहाद्दरांचे ऋण थोडेफार फिटेल.