कपबशीचा इतिहास

दोस्तांनो, आपल्या इतिहासात तळं आहे, विहीर आहे, देऊळ आहे. तशी चहाची कपबशीही आहे. तिच्याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही.

सायबाचा चहा साधा. किटली गरम पाण्यानं विसळायची. माणशी एक चमचा पत्ती टाकायची. वर खळखळतं पाणी ओतून झाकण ठेवायचं, चार मिनिटं मुरू द्यायचं. दूध-साखर ज्याची त्यानं घ्यायची. १८३९ साली आसामचा चहा लंडनच्या लिलावात पहिल्यांदा विकला गेला. पुढं मळ्यांत राबले ते करारानं जखडून नेलेले आदिवासी. चांगली पत्ती विलायतेला गेली, भुकटी इथं राहिली. ती आपण दूध-साखर घालून उकळली.

चहा नवा. त्याचा विटाळ कुठल्या पोथीत लिहिलेला नव्हता. तरी जातीनं त्याला गाठलंच. गावोगावच्या हॉटेलांत महार-मांगांची कपबशी वेगळी, बाहेर वळचणीला. चहा वरून ओतायचा, प्यायचा बाहेर बसून, विसळून ठेवायची आपली आपण. पैसे मात्र सगळ्यांइतकेच.

कोल्हापुरात गंगाराम कांबळे पागेत नोकर होते. हौदाचं पाणी शिवले म्हणून मराठा नोकरांनी त्यांना बेदम मारलं. शाहू महाराजांनी त्यांना भांडवल देऊन चहाचं हॉटेल काढून दिलं. सवर्ण फिरकेनात. मग महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा पीत, बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही पाजत. राजानं घेतलेला चहा नाकारायची हिंमत कुणाची?

पण राजा १९२२ साली गेला. राजाच्या मर्जीवर मिळालेला कप राजाबरोबर जाऊ शकतो. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी ओंजळ भरली ती कुणाच्या मेहेरबानीनं नव्हे, हक्कानं. तो हक्क घटनेच्या कलम १५ आणि १७ मध्ये आला. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यानं हॉटेलात शिरायला, तिथली भांडी वापरायला अडवणं गुन्हा ठरला. १९७६ साली तो कडक होऊन नागरी हक्क संरक्षण कायदा झाला.

कायदा कागदावर असतो, कप फळीवर. म्हणून पाटणपासून कोयनाकाठच्या वाड्यावस्त्यांपर्यंत जिथं जाल तिथं आधी फळी बघा. एखादा कप बाजूला ठेवलेला दिसला, तर चहा त्याच फळीवरच्या सगळ्यांच्या कपातून मागा. दिला नाही तर पोलीस ठाण्याची वाट धरा. चहा कसाही करा, दोस्तांनो. कप एकच पाहिजे.