बंबापासून गिझरपर्यंत

'गिझर' हे नाव मुळात यंत्राचे नव्हे. आइसलंडमधल्या एका उसळत्या उन्हाळ्याचे, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्याचे ते नाव. आम्हा तुळिंजकरांनाही असे झरे परके नाहीत. तानसेकाठची अकलोली आणि गणेशपुरीची कुंडे तशी जवळच. १७३९ साली वसई सर झाल्यावर चिमाजीअप्पांनी नवस फेडण्यासाठी उभारलेले वज्रेश्वरीचे देऊळही त्याच परिसरात आहे.

रोजच्या आंघोळीला मात्र घरात चुलीवरचा हंडा, आणि ऐपत असेल तर तांब्याचा बंब. बंबाची रचना मला आजही हुशारीची वाटते. मधोमध नळी, तिच्यात विस्तव, भोवती पाणी. तोटीतून कढत पाणी घ्यायचे आणि तेवढेच गार पाणी वरून ओतायचे. वरचे तोंड मोकळे असल्याने वाफेचा दाब कधी साठत नसे. धूर मात्र भरपूर! म्हणून बंबाची जागा अंगणात नाहीतर पडवीत.

१८६८ साली लंडनच्या बेंजामिन मॉन यांनी गॅसवर पाणी तापवणारे यंत्र काढले आणि त्याला 'गिझर' म्हटले. त्याला धुराडेच नव्हते. पुढे १८८९च्या सुमारास अमेरिकेत एडविन रूड यांनी पाणी साठवून आपोआप तापवणारे यंत्र घडवले. धुराड्याचे महत्त्व तिकडे पटले. आपण मात्र ती जुनी चूक नव्या घरांत पुन्हा करतो आहोत. चिमुकले न्हाणीघर, आत गॅसचा गिझर आणि थंडी लागते म्हणून खिडकीला फळी. अपुऱ्या हवेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोके जड होते, भोवळ येते आणि माणूस कडी लावलेल्या दाराआड कोसळतो. असा गिझर बंबासारखा बाहेरच हवा.

विजेच्या गिझरची गोष्ट वेगळी. तो बंद भांडे आहे. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापले की सुमारे २०० मिलिलिटरने फुगते. हे पेलाभर पाणी सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब थेंब बाहेर येते. 'गळतोय' म्हणून त्या तोंडाला बूच मारणारे शेजारी मी पाहिले आहेत! थर्मोस्टॅट बिघडला आणि व्हॉल्व्हही बंद असला, तर टाकी फुटू शकते. दोन हजार वॅटच्या गिझरला जवळजवळ नऊ अँपिअर वीज लागते; त्याला १६ अँपिअरचा प्लग आणि पक्के अर्थिंग हवेच. बादलीत रॉड सोडणाऱ्यांनी तर बटण बंद करून प्लग काढल्याखेरीज पाण्यात बोट घालू नये. (बादली हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांनी दिला, रॉड त्यांचा नव्हे.)

आमच्या इमारतीत बोअरचे जड पाणी येते. त्यातला चुना तापताना कॉइलवर बसतो, पाणी तापायला वेळ लागतो आणि शेवटी कॉइल जळते. म्हणून दर दोन वर्षांनी आम्ही वीज तोडून, जाणकार माणसाकडून टाकी उघडून घेतो. मागच्या खेपेस आतून पांढऱ्या खपल्या निघाल्या. टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजणारी मॅग्नेशियमची दांडी असते, तिची नुसती तार उरली होती. दुपारपर्यंत नवी दांडी बसली.